दाराआडून स्वयंपाक

२०२० साली, सोबत काम करणाऱ्या एका व्यक्तीला कोरोनाची लागण झाल्याचा फोन आला त्या संध्याकाळी मी झोपायच्या खोलीत शिरले आणि आतून कडी लावली. बाहेर आले ती सतराव्या दिवशीच. आधी ते अलगीकरण होते, म्हणजे संपर्कात आलेल्या माणसाने खबरदारी म्हणून वेगळे राहणे. नंतर त्याचे विलगीकरण झाले, म्हणजे लागण झालेल्या माणसाने वेगळे राहणे. शब्दांमधला हा फरक आत बसून शिकायला भरपूर वेळ होता. रागुसा, म्हणजे आजचे दुब्रोवनिक, या बंदराने १३७७ मध्ये साथीच्या प्रदेशातून येणाऱ्यांना ३० दिवस बाहेर थांबवण्याचा नियम केला होता आणि पुढे व्हेनिसमध्ये त्याचे ४० दिवस झाले, हेही तेव्हाच वाचले. इटालियन भाषेतल्या ‘चाळीस’वरूनच क्वारंटीन हा शब्द आला. त्या मानाने माझी सुटका स्वस्तात झाली.

घरातला स्वयंपाक तोवर माझ्याच हातात होता. नवऱ्याला चहा आणि उकडलेली अंडी एवढे जमत असे. बारा वर्षांच्या लेकीला तेवढेही नाही. त्यामुळे पहिल्याच दिवसापासून मी बंद दाराआडून सूचना देऊ लागले आणि तेव्हा माझ्या लक्षात आले की मला स्वयंपाक करता येतो, पण सांगता येत नाही. मीठ किती, तर अंदाजाने. कांदा किती वेळ परतायचा, तर होईपर्यंत. ‘होईपर्यंत म्हणजे नक्की किती मिनिटे?’ असे नवऱ्याने बाहेरून तीनदा विचारले, आणि प्रश्न रास्त असल्यामुळेच मला त्याचा जास्त राग आला. शेवटी मी सांगितले, की तू परतत राहा, झाला की मी ओरडते. दाराखालच्या फटीतून येणाऱ्या वासावर माझी भिस्त होती. कच्च्या कांद्याचा उग्रपणा ओसरला, मग किंचित गोडसर वास आला, मग खमंग. तिथे मी ‘आता टोमॅटो घाल’ अशी आरोळी ठोकली. त्या दिवशीचे सूप चांगले झाले होते. ताट दाराबाहेर ठेवून दोनदा ठकठक करायची, पावले दूर गेली की मी दार उघडायचे, ही रीत तेव्हापासून पडली.

सहाव्या दिवशी तशीच आरोळी द्यायची वाट पाहत मी पुस्तक घेऊन बसले होते. बाहेर एकदम धावपळ ऐकू आली, पाठोपाठ नळ सुटल्याचा आणि तापलेल्या कढईत पाणी पडल्याचा चर्र आवाज. कांदा जळून कोळसा झाला होता, घरभर धूर होता आणि मला कशाचाच पत्ता नव्हता. ‘अगं, तू ओरडली का नाहीस?’ असे नवऱ्याने विचारले, तेव्हा मी खोलीतला साबण उचलून नाकाशी धरला. काहीच नाही. मग खोबरेल तेल, मग सकाळच्या कॉफीचा रिकामा कप. तरीही काहीच नाही. दुसऱ्या दिवशी तपासणी झाली आणि लागण असल्याचे नक्की झाले. सुदैवाने दोन दिवसांचा ताप आणि थकवा यापलीकडे दुखणे गेले नाही.

चव गेली असे आपण म्हणतो, पण माझी चव जागेवर होती. गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी, म्हणजे टोमॅटो-मशरूममध्ये असते ती रुचकर चव, एवढे जिभेला कळते. त्यापलीकडचे जे काही आपण चव म्हणून उपभोगतो त्यातले बरेचसे घशामागून नाकाकडे जाणाऱ्या वासाचे असते. लेकीला मी हे दाराआडून समजावले आणि तिने त्याचा लगेच खेळ केला. रोज दुपारी ती सोललेल्या फोडींच्या लहान वाट्या दाराशी ठेवत असे आणि मी डोळे मिटून, चावून, ओळखायचे. सफरचंद आणि कच्चा बटाटा यांत मी दोनदा फसले, कारण दोन्ही सारखेच करकरीत होते; पहिल्या घासाला गोडवा जाणवला नाही तर बाकी खूण काहीच नव्हती. मिरची मात्र लगेच कळली, कारण तिखटपणा ही मुळात चव नव्हेच, ती जळजळ आहे आणि ती मेंदूला वेगळ्या मज्जातंतूने पोहोचते. कॉफी म्हणजे निव्वळ कडू गरम पाणी झाले होते. पण त्या काळात सगळीकडे जी फेसाळ कॉफी केली जात होती, कॉफीची पूड, साखर आणि गरम पाणी सारख्या मापाने घेऊन हात दुखेपर्यंत फेटलेली, ती लेकीने पाठवली तेव्हा मी ती चमच्याने, अगदी सावकाश खाल्ली. त्या फेसाचा मऊपणा जिभेवर विरघळताना जाणवत होता आणि तेवढे मला पुरेसे होते.

बाहेर ओट्यावर आणखी एक जीव होता. बाजारात यीस्ट मिळेना म्हणून मी खोलीत जाण्याच्या आदल्या दिवशी ५० ग्रॅम पीठ आणि ५० ग्रॅम पाणी कालवून काचेच्या बरणीत पावासाठी आंबवण घातले होते. ते सांभाळायचे काम लेकीकडे आले. तिसऱ्या दिवशी ते भसाभस फुगले, पाचव्या दिवशी अगदी गपगार पडले आणि ‘आई, हे मेलं, टाकून देऊ का?’ असे तिने दारातून विचारले. पहिली उसळी बहुधा भलत्याच जिवाणूंची असते. आंबटपणा वाढला की ते मागे पडतात आणि पिठातले मूळचे यीस्ट मग सावकाश उठते. टाकू नकोस, थोडे काढून रोज नवे पीठ-पाणी घाल आणि वास कसा येतो ते मला सांग, असे मी म्हटले. तिने प्रामाणिकपणे सांगितले, ‘ओल्या मोज्यांसारखा.’ दोन दिवसांनी तो ‘दह्यासारखा, पण रागावलेल्या दह्यासारखा’ झाला आणि दहाव्या दिवशी ‘कच्च्या सफरचंदासारखा, चांगलाय’. माझ्या वहीत त्या दिवसांच्या तापाच्या नोंदींशेजारी हे वासही लिहिलेले आहेत.

सतराव्या दिवशी बाहेर आले आणि हात धुऊन सर्वांत आधी त्या बरणीचे झाकण काढले. आतला फेसाळ, जाळीदार गोळा दिसला, पण वास आला नाही. पाव भाजताना लेक ओव्हनसमोर बसून मला दर पाच मिनिटांनी बातमी देत होती: अजून पिठासारखा, आता गरम, आता खमंग. पाव बाहेर काढला तेव्हा तो नीट भाजला का, हे मला नाकाने ठरवता येणार नव्हते, म्हणून मी तो उलटा केला आणि तळाला बोटाच्या पेरांनी दोनदा ठकठक केले. आतून पोकळ आवाज आला, म्हणजे झाला होता.

‘दूर हो,’ लेक म्हणाली, ‘तो दार उघडेल आता.’