एल्मिनाचा मंगळवार

केप कोस्ट, मंगळवार, रात्रीचे साडेदहा

झोप येत नाही, म्हणून वही काढली. खिडकीबाहेर लाटांचा आवाज आहे. वसईला आजीच्या घरी रात्री यायचा, अगदी तसाच.

घानाच्या राजधानीतले, अक्रातले दोन दिवस भराभर गेले. मावसभावाकडे उतरले होते. त्याने घानाला स्वातंत्र्य मिळवून देणाऱ्या क्वामे नक्रुमांचं स्मारक दाखवलं. ६ मार्च १९५७ ला घाना स्वतंत्र झाल्याची घोषणा जिथे झाली, तेच हे पोलोचं मैदान. त्यांचा जुना पुतळा १९६६ च्या लष्करी उठावानंतर फोडला गेला. तो बिनडोक्याचा तसाच उभा केलाय आणि तुटलेलं डोकं शेजारी वेगळं ठेवलंय. मला ते फार आवडलं. डागडुजी करून लपवलं नाही. तिथेच पहिल्यांदा कळलं की क्वामे म्हणजे शनिवारी जन्मलेला. इथे बाळाला पहिलं नाव मिळतं ते जन्मवाराचं. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस होते ते कोफी अन्नान हे शुक्रवारचे.

आज सकाळी एल्मिना, इथून जवळचं किनाऱ्यावरचं गाव. पुलावर उतरले तर खाडीत होड्यांची दाटी. निळ्या, पिवळ्या, लाल, वर झेंडे, बाजूला देवाची वचनं रंगवलेली. एकही समुद्रात गेलेली नाही. बाप्ये सावलीला बसून जाळी सांधत होते. वाटलं, वादळाची सूचना असेल. सुक्या मासळीच्या टोपल्या घेऊन बसलेल्या बाईला विचारलं, तर म्हणाली, "आज मंगळवार. समुद्राचा विसाव्याचा दिवस." नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्याला ओढून ठेवणाऱ्या आमच्या कोळीवाड्यात हे वाक्य कुणालाही एका झटक्यात समजलं असतं.

किल्ला मात्र मला ओळखीचा वाटला आणि त्याचाच त्रास झाला. पोर्तुगीजांनी तो १४८२ साली बांधला; वास्को द गामा कालिकतला उतरला त्याच्या सोळा वर्षं आधी. वसईचा किल्लाही पोर्तुगीजांचाच. मी त्या भिंतींवर चढत लहानाची मोठी झाले. शाळेची सहल, डबे, चिमाजी आप्पांची गोष्ट, १७३९. किल्ला म्हणजे आपण जिंकलेली जागा, एवढंच डोक्यात. एल्मिनात आधी सोन्याचा व्यापार होता, मग माणसांचा. १६३७ मध्ये तो डचांकडे गेला, १८७२ मध्ये इंग्रजांकडे.

तिकिटाचे पैसे सेदीत दिले. सेदी हा शब्द इथल्या अकान भाषेतल्या कवडीसाठीच्या शब्दावरून आलाय. मालदीवच्या कवड्या जहाजांत भरून युरोपमार्गे पश्चिम आफ्रिकेत यायच्या आणि त्या मोजून माणसं विकत घेतली जायची. कवडीमोल हा शब्द मी जन्मभर कांद्याच्या आणि जमिनीच्या भावासाठी वापरला. आज मनातसुद्धा उच्चारवेना.

बायकांच्या कोठड्यांसमोर एक चौक आहे. वर गव्हर्नरचा सज्जा. तिथे उभं राहून तो खालच्या बायकांतली एक निवडायचा, गाईडने सांगितलं. त्याने आवाज चढवला नाही, थांबलाही नाही. कोठडीत शिरल्यावर अंधाराची सवय व्हायला वेळ लागला. दमट, जड वास होता. तो कशाचा, हे मी स्वतःला विचारलं नाही. किल्ल्याच्या मोठ्या चौकात पोर्तुगीजांचं चर्च. दुपारी केप कोस्टच्या किल्ल्यातही तेच पाहिलं: पुरुषांची तळघरं खाली आणि बरोबर वर प्रार्थनेची जागा. खालचे आवाज वर जात नसतील का? जात असणारच.

तिथल्या समुद्राकडच्या दारावर लिहिलंय, परत न येण्याचं दार. ते ओलांडून बाहेर गेलं की पुन्हा होड्या, जाळी, ओरडणारी पोरं. मागे वळून पाहिलं तर त्याच दाराच्या बाहेरच्या बाजूला दुसरी पाटी, परतीच्या दाराची. १९९८ मध्ये गुलाम म्हणून नेलेल्या दोन पूर्वजांच्या अस्थी, एकाच्या अमेरिकेतून आणि एकाच्या जमैकातून, याच दाराने आत आणल्या. माझ्या पुढे एक अमेरिकन आजी त्या पाटीला हात लावून बराच वेळ उभी होती. आम्ही सगळे मागे थांबलो.

बाहेर पडताना गाईडने माझा जन्मवार विचारला. मला माहीत नव्हता. तो म्हणाला, जहाजावर नावं काढून घेतली तरी वार टिकले. जमैकात इंग्रजांशी लढून त्यांना तह करायला लावणारा कजो, तो आमचा कोजो, सोमवारचा. तहाचं साल विचारलं. १७३९. अंगावर काटा आला. वसई पडली ते वर्ष.

रात्री आईला फोन केला. तिला आठवायला एक क्षणही लागला नाही. "शुक्रवार. दिवेलागणीला झालीस. आजी शुक्रवारची कहाणी वाचत बसली होती." म्हणजे मी इथली एफुआ. मग ती सुरूच झाली: दादा बुधवारचा, काका रविवारचे, धाकटी आत्या अमावास्येची म्हणून नाव ठेवायला घाबरले होते.

"आणि तुझा वार?" मी विचारलं.

"माझा कुठला गं? चौथी मुलगी मी. पाऊस होता, एवढंच आई सांगायची."