एकावन्न पावत्या

मुंबईत लिफ्टच्या देखभालीचे काम मी सव्वीस वर्षे केले आणि त्यांतली अकरा वर्षे आमच्या कंपनीतल्या युनियनचा खजिनदार होतो. युनियनच्या मान्यतेसाठी, म्हणजे कंपनीशी बोलणी करण्याच्या अधिकृत हक्कासाठी, आम्ही अर्ज केल्यावर औद्योगिक न्यायालयाचे तपास अधिकारी आमची पावतीपुस्तके तपासायला बसले, तो दिवस माझ्या वाट्याला खजिनदार म्हणूनच आला.

माझे वडील गिरणीत होते आणि १९८२ च्या संपानंतर ते कामावर परत गेले नाहीत. गिरणीत पाळी सुटली की सगळे एकाच दरवाजातून बाहेर पडत आणि तिथेच द्वारसभा भरे. आम्हाला असा दरवाजाच नव्हता, कारण प्रत्येक मेकॅनिकचा रूट वेगळा आणि कामाची जागा म्हणजे कुणाच्या तरी इमारतीची गच्ची. आमची युनियन सत्तरच्या दशकात गिरगावातल्या एका इमारतीच्या लिफ्टच्या मशीन रूममध्ये ठरली. १९२६ च्या कायद्यानुसार नोंदणीला तेव्हा सात सह्या पुरत, आणि त्या सातही सह्या त्या दुपारी तिथेच झाल्या. इतिवृत्ताच्या वहीतली पहिली मागणी पगाराची नाही: लिफ्टच्या डब्यावर चढून काम करताना खाली-वर दुसरा माणूस असलाच पाहिजे, एकट्याला पाठवू नये, एवढीच ती आहे. डब्यावर उभ्या माणसाच्या शेजारून काउंटरवेट, म्हणजे डब्याचा तोल साधणारे वजन, उलट दिशेने जाते आणि मेन स्विच असतो मशीन रूममध्ये, हे ज्याने पाहिले आहे त्याला त्या मागणीचा अर्थ सांगावा लागत नाही.

वर्गणी आम्ही ब्रेकडाउनच्या कॉलवर गेलो की गोळा करायचो, त्यामुळे पावत्यांच्या स्थळप्रतींवर, म्हणजे आमच्याकडे राहणाऱ्या प्रतींवर, ग्रीसचे अंगठे उमटलेले असत. १९७१ च्या महाराष्ट्र कामगार संघ मान्यता कायद्याने मान्यताप्राप्त युनियनच्या पदाधिकाऱ्यांना पगार वाटला जातो त्या जागी वर्गणी घेण्याचा हक्क दिला होता. पण आमच्या कामाची जागा गृहनिर्माण संस्थेची, आणि तिथला वॉचमन कलम वाचत नाही!

मान्यतेसाठी अर्ज करण्याच्या महिन्याआधीचे सलग सहा महिने किमान तीस टक्के कामगार सभासद असावे लागत. कंपनीने दिलेल्या यादीत १६८ नावे होती, म्हणजे आम्हाला ५१ सभासद दाखवायचे होते. आमच्याकडे ७४ जणांच्या सहा-सहा महिन्यांच्या पावत्या असल्याने मी निर्धास्त होतो. अधिकारी शांत स्वभावाचे होते. एकेक स्थळप्रत यादीशी ताडून ते पेन्सिलीने खूण करत गेले आणि जेवणाच्या सुट्टीआधी त्यांनी २६ पावत्या वेगळ्या काढून ठेवल्या. त्या सगळ्या हेल्परांच्या होत्या. काही वर्षांपूर्वीपर्यंत हेल्परही कंपनीच्याच मस्टरवर असत. पुढे कंपनीने ते काम कंत्राटदाराला दिले आणि तीच माणसे, त्याच रूटवर, तीच पिशवी खांद्याला लावून कंत्राटदाराची झाली. हे आम्हाला ठाऊक होते, तरी वर्गणी देणारा तो सभासद, या जुन्या हिशेबाने आम्ही त्यांना धरून चाललो होतो. आमच्या वकिलांनी मला बाजूला घेऊन समजावले की सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या निकालांनंतर कंत्राटी कामगाराला आधी आपण मूळ कंपनीचेच कामगार आहोत हे सक्षम न्यायालयात सिद्ध करावे लागते, तोवर या कायद्याखाली त्याला दाद मागता येत नाही. तेव्हा इथे वाद घालून उपयोग नाही.

उरले ४८. तीन कमी.

अर्ज मागे घ्यायचा असे सरचिटणीसांनी ठरवले. ते बरोबर होते, पण त्यांच्याशी मी आठवडाभर धड बोललो नाही. खरा राग माझा माझ्यावर होता, कारण अर्जाआधी यादी ताडून पाहण्याचे काम खजिनदाराचे होते.

तपासणीच्या दिवशीच संध्याकाळी दादरला कॉल आला. दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकली होती. मशीन रूममध्ये मेन स्विचपाशी जो हेल्पर उभा होता, त्याची पावती सकाळी त्या २६ मध्ये गेली होती. मी डब्यावर उतरलो आणि तिसऱ्या मजल्याच्या दरवाजाचे इंटरलॉक, म्हणजे दार उघडे असताना लिफ्ट चालू न देणारे कुलूप, बसवेपर्यंत स्विच त्याच्याच हातात होता. काम आटोपल्यावर त्याने खिशातून नेहमीप्रमाणे पाच रुपये काढले आणि म्हणाला, "दादा, या महिन्याची राहिलीय."

सकाळचे त्याला सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि नोट पुढेच धरली. मी पुस्तक उघडून त्याचे नाव लिहिले, रक्कम लिहिली. 'खाते', म्हणजे कंपनीतला विभाग, या रकान्याशी पेन थांबले, आणि शेवटी तिथे मी त्याचा रूट क्रमांक लिहिला.