रहाडीचा केशरी सापडला

मागच्या नोंदीत अडकलो होतो ते इथेच. रंगपंचमीचे दिल्ली दरवाज्याच्या रहाडीचे, म्हणजे रंगीत पाण्याने भरलेल्या हौदाचे, फोटो एडिटिंग करताना झकास दिसायचे, पण जेपेग करून फोनवर घेतले की केशरी पाणी मळकं, विटकरी. आपल्या नाशकात प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. शनी चौकात गुलाबी, तिवंध्याला पिवळा, दिल्ली दरवाज्याला केशरी. तोच उतरला तर फोटोत राहिलं काय?

तीन संध्याकाळी ब्राइटनेस आणि फोनच्या सेटिंगमध्ये गेल्या. मग एकच फोटो दोन्हीकडे मोठा करून शेजारी शेजारी ठेवला. धप्पा मारणाऱ्या (रहाडीत उडी टाकणाऱ्या) पोराच्या बनियनची न भिजलेली पांढरी पट्टी दोन्हीकडे तंतोतंत सारखी! मागच्या भिंतीची राखाडी सावलीही तशीच. बिघडले होते ते फक्त भडक रंग. म्हणजे दोष स्क्रीनचा नव्हता, कलर स्पेसचा, म्हणजे कुठल्या आकड्याला कुठला रंग ते ठरवणाऱ्या मोजपट्टीचा होता.

अ‍ॅडोबी आरजीबी आणि एसआरजीबी, या दोन्ही कलर स्पेसचा पांढरा एकच आहे, म्हणून पांढरं-राखाडी हलत नाही. पण एसआरजीबीतला २५५ चा लाल अ‍ॅडोबी आरजीबीत २१९ लिहिला जातो. मी फाइल अ‍ॅडोबी आरजीबीत सेव्ह करत होतो आणि प्रोफाइल, म्हणजे फाइल कुठल्या कलर स्पेसची आहे ती चिठ्ठी, एम्बेड करायची (फाइलमध्ये जोडायची) टिक काढलेली होती. फोनला ते कळायला मार्गच नाही. तो २१९ ला एसआरजीबीचाच २१९ समजतो. केशरी बसला तो तिथे.

आता सेव्ह करण्याआधी ‘कन्व्हर्ट टू प्रोफाइल’ करून एसआरजीबी, आणि टिक कायम ठेवलेली. ‘असाइन प्रोफाइल’ला मात्र हात लावू नका, मंडळी. ते आकडे तेच ठेवून नुसतं नाव बदलतं, रंग फिकाच राहतो. माझी एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली.

एक अडचण उरली होती. ऊन पडलेल्या जागी पाण्याच्या लाटा दिसेनात, केशरी सपाट पत्र्यासारखा. हिस्टोग्राममध्ये, म्हणजे कुठला रंग किती उजळ त्याच्या आलेखात, लाल चॅनल उजव्या, कमाल टोकाला चिकटलेला. एसआरजीबीत तेवढा भडक रंग मावत नाही. सॉफ्ट प्रूफिंग (एसआरजीबीत फोटो कसा दिसेल ते आधीच दाखवणारी सोय) चालू करून फक्त नारिंगीचं सॅच्युरेशन, म्हणजे भडकपणा, थोडं उतरवलं, तेव्हा पोराच्या कोपराभोवतीची वर्तुळं एकेक करून परत आली. ती बघून फार बरं वाटलं.

पुढचा नंबर तिवंध्याच्या पिवळ्याचा. त्याचे प्रिंट काढायचे आहेत.