कॅरी फर्नेस (पिट्सबर्गजवळच्या जुन्या लोखंडाच्या भट्ट्या) सायकल ट्रेलवर नाहीये, सायकल घेऊन निघण्याआधी वाचा

शनिवारी पिट्सबर्गला ग्रेट ॲलेगेनी पॅसेज या सायकल ट्रेलचा शेवटचा तुकडा केला. अख्खा ट्रेल 150 मैलांचा आहे, कंबरलँडपर्यंत, पण आम्हाला पोलादाच्या खुणाच बघायच्या होत्या म्हणून हॉट मेटल ब्रिजपासून होमस्टेड या जुन्या पोलाद कारखान्याच्या गावाकडे निघालो. इथपर्यंत रस्ता सपाट, काही अडचण नाही.

सायकल भाड्याने देणाऱ्याला दोनदा विचारलं होतं, कॅरी फर्नेस ट्रेलवरच लागते ना? हो, अगदी बाजूलाच, म्हणाला. बाजूलाच आहे पण मधे अख्खी मनाँगाहेला नदी आहे!! ट्रेल दक्षिण काठाने जातो आणि भट्ट्या उत्तर काठाला. कॅरीचं वितळलेलं लोखंड ज्या रेल्वे पुलावरून होमस्टेडच्या कारखान्यात जायचं तो पूलही समोर दिसतो, पण बंद आहे. मग वर रस्त्यावर चढून रँकिन ब्रिज, आणि तिथे ट्रक अंगावरून गेल्यासारखे जातात, बायको सायकल हातात धरून चालत होती आणि मी मागून नुसता ओरडत होतो, कडेला राहा, कडेला राहा. मुलांना घेऊन हा पूल अजिबात करू नका. कॅरीला गाडीनेच जा, ट्रेल वेगळा करा.

पण जा नक्की. 1907 च्या दोन भट्ट्या, 92 फूट उंच, एकेकाळी दिवसाला हजार टनांच्या वर लोखंड काढायच्या. टूर उन्हाळ्याच्या सीझनमध्येच असते, आधी बुक करा, बूट बंद घाला, सँडल नको. भट्टीच्या तोंडाशी उभं राहून तिच्या पत्र्यावर हात ठेवला, बोटाएवढ्या जाड रिव्हेटांची रांग, हाताला लाल गंज लागला, धुवावासा वाटेना. आपले जमशेटजी टाटा 1902 ला अमेरिकेत पोलादाचे कारखाने बघत फिरले तेव्हा पिट्सबर्गलाही आले होते, ते तिथे सारखं आठवत होतं.

होमस्टेडला 12 विटांच्या चिमण्या मॉलच्या पार्किंगशेजारी उभ्या आहेत, फोटोपुरतं थांबा. वेळ द्या तो कारखान्याच्या जुन्या पंप हाउसला. 6 जुलै 1892 ला पहाटे कारखान्यातला संप मोडायला 300 पिंकर्टन, म्हणजे कंपनीने भाड्याने आणलेले खाजगी रक्षक, बार्जमधून इथेच उतरायला आले, कामगारांनी अडवलं, गोळीबार झाला, दोन्हीकडची माणसं गेली. लोक समोरून सायकली दामटत निघून जातात. उतरा, पाण्यापर्यंत चालत जा.

पाणी भरपूर न्या, आमचं परतताना संपलं.