फ्यूज उडाला की तार बघा, पायही बघा

सोलापूरचा मे महिना, पारा 42 वर आणि गाडीच्या एसीचा ब्लोअर गप्प. मोटर गेली असं धरून गॅरेज गाठण्याआधी फ्यूज तपासा. बहुतेक गाड्यांत एक फ्यूजबॉक्स स्टिअरिंगखाली, दुसरा बॉनेटमध्ये बॅटरीजवळ असतो. कुठला फ्यूज कशाचा, ते झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये असतं.

चावी बंद करून फ्यूज चिमट्याने सरळ ओढा. आतली तार तुटलेली असेल तर प्रश्नच मिटला. पण कधी तार शाबूत दिसते आणि केसाएवढी चीर असते. म्हणून मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (तार सलग आहे का ते सांगणाऱ्या सेटिंगवर) ठेवून फ्यूजच्या दोन्ही धातूच्या पायांना लावा. बीप यायलाच हवा. तार धड, पण प्लास्टिक वितळून पाय काळे पडलेत? मग सॉकेटची पकड सैल झालीय. तिथे नुसता फ्यूज बदलून भागत नाही.

नवा तेवढ्याच अँपिअरचा: लाल 10, निळा 15, पिवळा 20, हिरवा 30. पंधराच्या जागी तीस घातला तर फ्यूजऐवजी वायरिंग जळतं. उडालेल्या फ्यूजवर चांदीचा कागद गुंडाळणाऱ्या महाभागांना लांबूनच नमस्कार!

नवाही लगेच उडाला तर तिसरा घालू नका, वायरिंगमधला शॉर्ट सर्किट शोधा. तुळजापूरच्या वाटेवर रात्री हेडलाइटचा फ्यूज गेला आणि सुटा नसेल, तर तेवढ्याच अँपिअरचा म्युझिक सिस्टीमचा काढून लावा.