रिपोर्टमध्ये इन्व्हर्जन आलंय, मग पुढे काय?

मी कॅरिओटाइपिंगच्या, म्हणजे पेशीतले क्रोमोसोम (जीन वाहून नेणारे धागे) मोजून-तपासून बघण्याच्या लॅबमध्ये काम करते, आणि सगळ्यात जास्त घाबरवणारा शब्द कुठला असं विचाराल तर इन्व्हर्जन. दोन-तीन मिसकॅरेज झालेली जोडपी असतात, रिपोर्टवर तो शब्द दिसतो आणि त्यांना वाटतं आता संपलं सगळं. तसं नसतं हो, पण नुसतं "काही नाही, नॉर्मल आहे" म्हणून सोडून देणंही बरोबर नाही, म्हणून हे नीट लिहायचं ठरवलं.

क्रोमोसोमचा मधला एक तुकडा दोन ठिकाणी तुटतो आणि उलटा फिरून परत तिथेच चिकटतो, एवढंच झालेलं असतं. जीन सगळे तेच, फक्त त्या तुकड्यातला क्रम उलटा, कमी नाही जास्त नाही, त्यामुळे तो माणूस बहुतेक वेळा ठणठणीत असतो आणि त्याला आयुष्यभर पत्ताही नसतो. खरी गडबड होते मायोसिसमध्ये, म्हणजे शुक्राणू किंवा बीजांड तयार होताना, कारण तिथे आईकडून आलेला आणि बाबांकडून आलेला क्रोमोसोम एकमेकांना बिलगून तुकड्यांची अदलाबदल करतात, यालाच क्रॉसिंग ओव्हर म्हणतात.

मी हे नेहमी दोन कागदी पट्ट्यांवर दाखवते. एकीवर लिहायचं क ख ग घ च, दुसरीवर क घ ग ख च. आता ख समोर ख, ग समोर ग आणायचा प्रयत्न करा, सरळ ठेवून जमतच नाही, मग एका पट्टीला वेटोळं घालावं लागतं. पेशीतही तेच वेटोळं होतं, जेनेटिक्सच्या शास्त्रज्ञ बार्बरा मॅक्लिंटॉकबाईंनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला मक्यात ते मायक्रोस्कोपखाली पाहिलं होतं. आता त्या वेटोळ्याच्या आत ख आणि ग च्या मध्ये क्रॉसिंग ओव्हर झालं असं धरा आणि बोट फिरवत वाचा, एक पट्टी होते क ख ग घ क आणि दुसरी च ख ग घ च. एकीत क दोनदा आणि च गायबच, दुसरीत उलट! मला आजही हे बोटाने वाचताना थक्क व्हायला होतं.

सेंट्रोमिअर, म्हणजे पेशी विभागताना क्रोमोसोमला धरून ओढतात ती जागा, उलट्या तुकड्याच्या आत असेल तर वरच्यासारखे डुप्लिकेशन-डिलीशनवाले, म्हणजे एक टोक दोनदा आणि एक गायब असलेले, क्रोमोसोम बनतात. सेंट्रोमिअर बाहेर असेल तर एका क्रोमोसोमला दोन सेंट्रोमिअर आणि दुसऱ्याला एकही नाही, पहिला दोन्हीकडून ओढाताण होऊन तुटतो, दुसरा हरवतो, आणि असा गर्भ सहसा टिकतच नाही.

लोकांना उलटं वाटणारी गोष्ट पुढे आहे. सेंट्रोमिअर आत असताना उलटा तुकडा मोठा म्हणजे मिसकॅरेज जास्त असं वाटतं ना? पण तुकडा मोठा असला की बाहेर उरलेली टोकं लहान असतात, म्हणजे जे जास्त-कमी होतं ते थोडंच, गर्भ टिकू शकतो, आणि बाळ दोष घेऊन जन्माला येण्याची शक्यता वाढते, शिवाय मोठ्या तुकड्यात क्रॉसिंग ओव्हर व्हायची शक्यताही जास्त. तुकडा लहान असेल तर बऱ्याचदा वेटोळं होतच नाही, क्रॉसिंग ओव्हरही क्वचित, आणि झालंच तर गमावलेला भाग इतका मोठा की गर्भ अगदी सुरुवातीलाच थांबतो. कधीतरी हा उलटा तुकडा पुरुषांमध्ये मायोसिसच अडखळवतो आणि शुक्राणूंची संख्या कमी येते, पण पुष्कळ जणांना काहीच त्रास न होता मुलं होतात.

आणि ९ नंबरच्या क्रोमोसोमवरचं ते नेहमीचं छोटं इन्व्हर्जन, सेंट्रोमिअरच्या आजूबाजूचं, शंभरातल्या एक ते तीन जणांत सापडतं आणि त्याला नॉर्मल व्हेरिएंटच, म्हणजे निरुपद्रवी फरकच, धरतात. मिसकॅरेजचं खापर त्याच्यावर फोडून पुढच्या तपासण्या थांबवू नका, ही माझी कळकळीची विनंती.

रिपोर्ट हातात आला की कंसातली अक्षरं बघा, पी (p) म्हणजे सेंट्रोमिअरच्या एका बाजूची आखूड भुजा, क्यू (q) म्हणजे दुसऱ्या बाजूची लांब भुजा; एक पी आणि एक क्यू असेल तर सेंट्रोमिअर आत आहे, दोन्ही पी किंवा दोन्ही क्यू असतील तर बाहेर. मग जेनेटिक काउन्सेलरला विचारा की तुकडा केवढा आहे आणि टोकं किती उरतात. आयव्हीएफ करत असाल तर गर्भ रोवण्याआधी जास्त-कमी झालेला भाग तपासता येतो, नैसर्गिक गर्भधारणा झाली तर गर्भजलाची तपासणी आहे. आणि आपल्या आई-बाबांचाही कॅरिओटाइप करून घ्या, तेच इन्व्हर्जन त्यांच्यातल्या एकाकडे निघालं आणि त्यांची सगळी मुलं धडधाकट असतील तर काउन्सेलरला त्याचा फार उपयोग होतो.