आकडा मोजलाय की काढलाय? माझी लाँच मॉनिटरची खरेदी

आमच्याकडे कोलंबसला, म्हणजे ओहायोत, डिसेंबर ते मार्च गोल्फ जवळजवळ बंदच असतं. मागच्या हिवाळ्यात मी ठरवलं की बेसमेंटमध्ये नेट लावायचं, एक लाँच मॉनिटर (मारलेल्या बॉलचा वेग, कोन, अंतर सांगणारा डबा) घ्यायचा, चार महिने घाम गाळायचा आणि एप्रिलमध्ये ग्रुपमधल्या सगळ्यांचे डोळे पांढरे करायचे. डोळे पांढरे झाले, पण माझेच. बेसमेंटमध्ये ड्रायव्हरचा, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या काठीचा, कॅरी २२० यार्डच्या आसपास दिसायचा आणि एप्रिलच्या पहिल्या राउंडला त्याच ड्रायव्हरने बॉल १९० ला पडायला लागला. थंडी होती, मान्य. जमीन ओली होती, पण त्याचा कॅरीशी काय संबंध, कॅरी म्हणजे बॉल हवेतून पहिल्यांदा जमिनीवर टेकतो तिथपर्यंतचंच अंतर. मग ३० यार्ड गेले कुठे?

ते ३० यार्ड शोधताना जे काय कळलं ते इथे लिहून ठेवतोय, कारण मला हे घेण्याआधी कळायला हवं होतं. यूट्यूबवर रिव्ह्यू ढीगभर आहेत पण सगळे अॅप कसं दिसतं आणि स्क्रीनवरचं पेबल बीच (कॅलिफोर्नियातलं फेमस गोल्फ कोर्स) किती खरं वाटतं यावरच बोलतात.

क्रिकेट बघणाऱ्या माणसाला ही भानगड समजायला अवघड नाही. बोलरचा स्पीड दाखवते ती स्पीड गन म्हणजे रडार, आणि एलबीडब्ल्यूला जे हॉक-आय येतं ते कॅमेरे. लाँच मॉनिटरमध्ये हीच दोन घराणी आहेत. रडारवाल्यांत सगळ्यात मोठं नाव ट्रॅकमॅन, डेन्मार्कची कंपनी, २००३ ची, टूरवर, म्हणजे प्रो लोकांच्या स्पर्धांत, प्रॅक्टिस रेंजला प्लेअरच्या मागे जो चपटा चौकोनी डबा ठेवलेला दिसतो तो बहुतेक वेळा त्यांचाच. साउथ आफ्रिकेचं फ्लाइटस्कोप पण रडारवालंच, आणि गार्मिनचा छोटा आर१० पण, जो २०२१ ला ६०० डॉलरला आला आणि आमच्यासारख्या लोकांच्या डोक्यात हे खूळ घुसलं. कॅमेरावाल्यांत फोरसाइटचा जीसीक्वाड, नावाप्रमाणे चार कॅमेऱ्यांचा, आणि स्कायट्रॅक जे २०१४ पासून लोकांच्या गॅरेजमध्ये आहे. आता या घराण्यांत रोटीबेटी व्यवहार पण सुरू झालाय, ट्रॅकमॅन ४ मध्ये कॅमेरा आहे, २०२३ च्या स्कायट्रॅक प्लसमध्ये रडार घातलंय, आणि रॅप्सोडोचा एमएलएम२प्रो तर जन्मापासूनच दोन्हीचा.

रडारचं काम मला आधी जादू वाटायचं, मग एका रात्री कागदावर मांडून बघितलं. धरा की रडारने २४ गिगाहर्ट्झची लहर सोडली. बॉल सेकंदाला ६० मीटरने लांब चाललाय, म्हणजे ताशी २१६ किलोमीटर (शोएब अख्तरचा २००३ च्या वर्ल्ड कपमधला तो फेमस बॉल १६१.३ चा होता, आणि इथे पोट सुटलेला माणूस काठीने २१६ काढतो, ही गोल्फची एकमेव गंमत जी मी बायकोला पटवून देऊ शकलोय). ती लहर बॉलवर आपटून परत येते तेव्हा तिची फ्रिक्वेन्सी साधारण ९,६०० हर्ट्झने उतरलेली असते. २४ अब्जात ९,६००! पण तेवढा फरक वेगळा काढला की तो कानाला ऐकू येईल अशा पट्टीचा असतो, आणि त्यावरून वेग सरळ निघतो. म्हणून बॉल स्पीड हा आकडा स्वस्तातल्या रडारचा पण चांगला येतो, तिथे फारसं फसायला होत नाही.

बॉल कुठल्या दिशेने गेला ते कळण्यासाठी डब्यात एकापेक्षा जास्त अँटेना असतात, एकीवर लहर जरा आधी पोचते आणि दुसरीवर जरा नंतर, त्या फरकावरून कोन निघतो. याचा अर्थ डबा स्वतः सरळ ठेवलेला पाहिजे. तो दोन डिग्री वाकडा असेल तर तुमचा प्रत्येक शॉट दोन डिग्री वाकडा दिसणार, २०० यार्डवर ते ७ यार्ड होतात. माझा डबा रडारवालाच, आणि मी जानेवारीत तीन आठवडे ग्रिप (काठी धरायची पकड) बदलत बसलो होतो कारण सगळं उजवीकडे जात होतं, आणि शेवटी निघालं काय तर कार्पेटखाली फरशीचा जोड होता आणि डबा त्याच्यावर तिरपा बसला होता. ग्रिप अजून जागेवर आलेली नाही.

आता स्पिन, म्हणजे बॉलचं स्वतःभोवती फिरणं. सगळी रड इथे आहे.

बॉल किती यार्ड जाईल हे वेग, कोन आणि स्पिन या तिघांवर ठरतं. स्पिनमुळे बॉलला हवेत उचल मिळते, कमी पडला तर बॉल लवकर खाली येतो, जास्त झाला तर पतंगासारखा वर चढतो आणि पुढे जायचं विसरतो. आणि फिरण्याचा आस जर तिरका असेल तर स्लाइस किंवा हुक, म्हणजे बॉल हवेतच एका बाजूला वळत जातो. टूरवरच्या प्रोचा ड्रायव्हरचा स्पिन मिनिटाला २,७०० फेऱ्यांच्या आसपास असतो, सेव्हन आयर्नचा (मधल्या अंतराची काठी) ७,१०० च्या आसपास. रडारला हा स्पिन कसा कळतो? बॉल जर अगदी गुळगुळीत एकसारखा असता तर कळलाच नसता. बॉलवर काहीतरी वेगळं असतं, शिवण, छाप, किंवा मुद्दाम लावलेला धातूचा ठिपका, ते दर फेरीला पुढे येतं आणि परत आलेल्या लहरीत एक बारीक थरथर उमटते, ती मोजायची. टायटलिस्ट कंपनीचे आरसीटी नावाचे प्रो व्ही१ बॉल मिळतात ना, २०२२ ला आलेले, त्यांच्यात रडारला दिसणारी खूण आतच घातलेली असते, ते यासाठीच.

पण थरथर मोजायला ती चार-सहा वेळा तरी दिसली पाहिजे की नाही! माझ्या बेसमेंटमध्ये बॉलपासून पडदा ८ फुटांवर. ६० मीटर वेगाने ८ फूट म्हणजे सेकंदाचा पंचविसावा भाग. २,७०० स्पिनचा बॉल तेवढ्यात दोन गिरक्या पण पूर्ण करत नाही! मैदानावर तोच बॉल सहा सेकंद हवेत असतो आणि रडार आरामात त्याच्यामागे बघत बसतं. घरात मात्र त्याला डोळा मिचकावायला वेळ नाही, म्हणून मग बरेच डबे काय करतात, स्पिन नीट पकडता आला नाही तर वेग आणि कोन बघून अंदाजाने एक आकडा भरतात. माझ्या डब्याने मला सभ्य माणूस समजून २,४०० भरला होता. माझा खरा ३,९०० निघाला, तोही तिरका. तुमचे ३० यार्ड इथे आहेत बघा, म्हणजे माझे.

हे कळलं कसं तर ज्या कोचकडे मी अधूनमधून जातो त्याच्याकडे ट्रॅकमॅन आहे. मे महिन्यात माझा डबा उचलून त्याच्याकडे गेलो, बाहेर रेंजवर, आणि एकाच बॉलवर दोन्ही लावले. बॉल स्पीड ताशी एक-दोन मैलांच्या आत, कोन एका डिग्रीच्या आत, आणि आरसीटी बॉल टाकले तर स्पिन पण बराच जवळ! म्हणजे डबा निर्दोष, खोली दोषी. मला फार वाईट वाटलं, मी त्या डब्याबद्दल ग्रुपवर काय काय लिहिलं होतं. कंपनीचं नाव म्हणूनच इथे घेत नाही.

खोलीचा हिशोब असा आहे. रडार बॉलच्या मागे ठेवतात, आर१० सारख्याला मागे ६ ते ८ फूट आणि पुढे बॉलला उडायला कमीत कमी ८ फूट लागतात, शिवाय पडद्याच्या मागे फूटभर मोकळं. म्हणजे १७ फूट धरा. माझी खोली १५. मी मागचं अंतर ५ करून भागवलं होतं, आपण नाही का पाहुणे आले की गादीवर आडवे झोपवतो, तसं. त्यात मागे लोखंडी खांब, बाजूला फर्नेस, वर पंखा, आणि रडारला जे हलतं ते सगळं दिसतं, पंखा पण. पंखा बंद केल्यावर माझे अर्धे भुताटकीचे शॉट गेले, न मारलेले शॉट नोंदवले जायचे आधी.

कॅमेऱ्याचा डबा बॉलच्या बाजूला, तुमच्या समोर, हातभर अंतरावर बसतो. त्याला बॉल उडायला जागा नकोच असते, तो फक्त पहिले काही इंच बघतो. इन्फ्रारेडचा झोत मारून एकामागोमाग फोटो काढतो आणि बॉलवरचे डिंपल किंवा छाप पहिल्या फोटोत कुठे होते आणि दुसऱ्यात कुठे गेले ते जुळवतो. एका मिलिसेकंदात २,७०० स्पिनचा बॉल १६ डिग्री फिरतो आणि ६ सेंटीमीटर पुढे जातो, तेवढं फोटोत स्वच्छ दिसतं. स्पिन आणि त्याचा तिरकेपणा दोन्ही मोजलेले, भरलेले नाहीत. पण बॉल पुढे कुठे गेला हे त्याने पाहिलेलंच नसतं. कॅरी तो गणिताने काढतो, आणि त्या गणितात हवेचं तापमान आणि समुद्रसपाटीपासूनची उंची पण असते. ती सेटिंग कोणी बघत नाही! डेन्व्हरसारख्या ५,२८० फुटांवरच्या गावात बॉल साधारण ६ टक्के जास्त जातो, पुण्यात सुद्धा साधारण २ टक्के. सेटिंगमध्ये उंची चुकीची असेल तर घरबसल्या लांब मारणारे होता येतं.

बाबा साताऱ्याहून जूनमध्ये आले होते, त्यांना हे सगळं दाखवलं. त्यांनी दहा मिनिटं शांतपणे बघितलं आणि म्हणाले, "म्हणजे बॉल पॅडला लागल्यावर पुढे स्टंपला लागला असता का, तसंच ना रे हे?" तसंच बाबा, अगदी तसंच. "मग तुझ्या यंत्रात अंपायर्स कॉल कुठाय?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. खरंच, स्क्रीनवर सरळ १९६.४ यार्ड येतं, त्या पॉइंट चारला काय अर्थ आहे? माझ्या मते हे आकडे पाच-पाचच्या गटातच दाखवायला पाहिजेत, पण मग विकले जाणार नाहीत.

क्लबच्या आकड्यांचं आणखी वेगळं. क्लबचा वेग, क्लब कुठल्या वाटेने आला, फेस (क्लबची बॉलला लागणारी सपाट बाजू) किती उघडा होता, हे सगळं अॅपमध्ये एकाच साइजच्या अक्षरात दिसतं म्हणून सगळं सारखंच खरं वाटतं. बॉल निघताना बहुतेक करून फेस जिकडे असतो तिकडेच निघतो, त्यामुळे स्वस्त डबे बॉलच्या दिशेवरून उलटा हिशोब करून फेसचा कोन सांगतात. बॉल फेसच्या मधोमध लागला असेल तर ठीक, टोकाला लागला की हिशोब कोलमडतो, आणि माझा मधोमध कधी लागतो? जीसीक्वाडसारखे डबे फेसवर बारीक ठिपके चिकटवून प्रत्यक्ष मोजतात. त्यांची किंमत विचारायची नाही, ट्रॅकमॅनची तर २० हजार डॉलरच्या वर जाते.

त्यामुळे आता कोणी विचारलं की कुठला घेऊ तर मी आधी खोलीची लांबी विचारतो, मग छताची उंची, आणि मग घरात डावखुरा कोण आहे ते. हसू नका. बाजूला ठेवायचा कॅमेरा उजव्या माणसाच्या समोर असतो, डावखुरा आला की डबा उचलून पलीकडे न्यायचा, परत सरळ करायचा. माझा मुलगा डावखुरा आहे. रडार मागे बसतं त्याला काही फरक पडत नाही, आणि छताला टांगायचे कॅमेरे असतात त्यांना पण नाही पडत, पण त्यांना छत ९-१० फूट पाहिजे आणि आमचं साडेआठ. माझी उंची ५ फूट ६ इंच असल्यामुळे निदान ड्रायव्हर फिरतो तरी, उंचीचा आयुष्यात पहिल्यांदा फायदा झाला.

आणि एक, वर्षाची फी आधी नीट बघा. काही डबे स्वस्तात मिळतात पण अर्धे आकडे किंवा सिम्युलेटर (स्क्रीनवर कोर्स खेळायची सोय) दरवर्षीच्या सबस्क्रिप्शनच्या मागे असतात, पाच वर्षांचं बेरीज करून बघा म्हणजे महागडा डबा अचानक स्वस्त वाटायला लागतो. बायकोला मी हेच गणित दाखवलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अरे पण न घेतला तर शून्य येतं ना?"

शेवटी कॅमेऱ्याचा घेतला, वापरलेला. रडारचा पण ठेवलाय, तो उन्हाळ्यात रेंजवर नेतो, तिथे तो राजा आहे. कॅमेरेवाल्याला कडक उन्हात त्रास होतो, तो तळघरातला प्राणी. नव्या डब्यावर पहिल्या दिवशी ड्रायव्हर कॅरी १९४ आला, मन मोडलं पण मैदानावर तेवढाच येतो.

नेट आणि पडद्याबद्दल वेगळं लिहीन कधीतरी. दुसऱ्याच दिवशी एट आयर्नचा एक शँक (काठीच्या दांड्याजवळ लागून भलतीकडे गेलेला शॉट) नेटच्या बाजूने निसटून ड्रायवॉलमध्ये घुसला होता, बॉल अजून आतच आहे. त्या भोकावर सध्या कालनिर्णय लावलंय.